‘सत्य घटनेवर आधारित’, पण नोंद कुणाची?

(बेंगळुरूमध्ये पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आजचा विषय आहे टीव्हीसाठी आणि आता मोबाईलसाठी बनणारे, खऱ्या माणसांवरचे चित्रपट आणि मालिका. सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात: सत्य घटनेवर आधारित. त्याच्याच आगेमागे दुसरी पाटी येते: पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास योगायोग समजावा. दोन्ही पाट्या एकाच कंपनीच्या, एकाच वकिलाने तपासलेल्या. पहिली पाटी प्रेक्षकांसाठी असते, दुसरी कोर्टासाठी. या दोन पाट्यांच्या मध्ये आपली माणसं कुठे उभी असतात, ते मला आज तपासायचं आहे.

आपण बेंगळुरूत बसलो आहोत, तर इथूनच सुरू करू. जुलै २०२० मध्ये झी कन्नड वाहिनीवर ‘महानायक’ सुरू झाली, बाबासाहेबांच्या आयुष्यावरची मालिका. मूळ मालिका हिंदी, ‘एक महानायक – डॉ. बी. आर. आंबेडकर’, डिसेंबर २०१९ पासून अँड टीव्हीवर चालू असलेली. त्याआधी मे २०१९ मध्ये मराठीत स्टार प्रवाहने ‘महामानवाची गौरवगाथा’ आणली होती, ती आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी बघितली गेली. पण कर्नाटकात जे झालं ते महाराष्ट्रातही झालं नाही. गावागावांत, वस्त्यावस्त्यांत पोरांनी वर्गणी काढून मालिकेचे फ्लेक्स लावले. नटाचा नवा सिनेमा आला की त्याचे चाहते लावतात तसे, चौकात, बसथांब्यावर. टीव्ही मालिकेसाठी असं होत नाही, ती घरात बसून बघायची गोष्ट. शिवाय ही डब केलेली मालिका होती. कन्नड चित्रपटसृष्टीने अनेक दशकं डबिंगला विरोध केला होता. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने तो विरोध बेकायदेशीर ठरवला, आणि लॉकडाऊनमध्ये नवीन शूटिंग बंद पडल्यावर डब केलेल्या मालिकांना वाट मिळाली. म्हणजे मराठी माणसाचं चरित्र हिंदीतून कन्नडमध्ये आलं आणि इथल्या लोकांनी ते आपलं म्हणून चौकात लावलं.

ऑगस्टच्या शेवटी वाहिनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की मालिका बंद करा म्हणून त्यांना अपरात्री धमकीचे फोन येताहेत. मालिका चालूच राहील असंही त्यांनी सांगितलं. फ्लेक्स त्यानंतर आणखी वाढले.

यात समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने बघण्यासारखं काय आहे? गावात बाबासाहेबांचा पुतळा बसवायचा तर जागा लागते, परवानगी लागते, पंचायतीचा ठराव लागतो, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी अडवायला बसलेलं असतं. फ्लेक्सला दोन बांबू आणि एक रात्र पुरते. टीव्हीवर आलेल्या गोष्टीची जाहिरात करतोय, इतकंच पोरांचं म्हणणं. एरवी ज्या चौकात फोटो लावायला भांडावं लागतं, तिथे तो मालिकेच्या निमित्ताने लागला. मला मालिकेतल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा ही कर्नाटकातली ‘सत्य घटना’ जास्त मोलाची वाटते, आणि ती कुणी लिहिलेली नव्हती.

पण वाहिनी फ्लेक्स मोजत नाही. ती टीआरपी मोजते. त्या काळात बार्क ही संस्था देशभरातल्या साधारण ४४,००० घरांत मीटर बसवून कोण काय बघतं ते मोजत होती. घरांची वर्गवारी दोन गोष्टींवरून व्हायची: घरात मुख्य कमावणाऱ्या माणसाचं शिक्षण किती, आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी (पंखा, फ्रीज, गॅस, दुचाकी वगैरे) किती वस्तू घरात आहेत. जातीचा रकाना त्यात नाही. आता गंमत बघा. तुमच्या घरातला कमावणारा माणूस जर उद्या तुम्ही असाल, तर तुमच्या पदवीमुळे तुमचं अख्खं घर त्या कोष्टकात वर सरकतं. आई तीच, तिचं बघणं तेच, पण जाहिरातदाराच्या लेखी तिची किंमत वाढते. बाबासाहेबांवर मालिका काढणं परवडतं अशी परिस्थिती आली, त्यामागे शिकून नोकरीला लागलेल्या दोन पिढ्या आहेत. वाहिन्यांचं मनपरिवर्तन हे कारण मला तरी फार पुढे नेत नाही. आणि जे बाजारामुळे आलं ते बाजाराच्या शर्तींवरच येतं, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावं लागतं.

पहिली शर्त म्हणजे खलनायक. रोजच्या मालिकेला रोज एक दुष्ट चेहरा लागतो. तो डोळे वटारतो, ढोल वाजतो, कॅमेरा तीनदा त्याच्यावर जातो. प्रेक्षकाला राग येतो आणि मग ब्रेक लागतो. हा राग खोटा असतो असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या घरांमधून म्हाताऱ्या बायका पडद्यावरच्या मास्तरला शिव्या द्यायच्या, त्यात त्यांचं स्वतःचं आयुष्य होतं. पण या पद्धतीने जात म्हणजे काही वाईट माणसांचा स्वभाव होऊन बसते.

याच्या शेजारी बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेला प्रसंग ठेवा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या पुस्तिकेत तो आहे, बऱ्याच जणांनी वाचलेला असेल. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीवर. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून त्यांना भेटायला निघतात, नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून. मसूर स्टेशनवर उतरतात. घ्यायला कुणी आलेलं नसतं. स्टेशनमास्तर येऊन आपुलकीने चौकशी करतो, कारण कपड्यांवरून त्याला ही मुलं ब्राह्मणाची वाटतात. महार म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलतो आणि तो आत निघून जातो. अर्ध्या तासाने तोच माणूस परत येतो आणि गाडी मिळवून द्यायला मदत करतो. भाडं दुप्पट. बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालेल. गाडीवान बाटणार नाही, मुलं पोचतील, त्याला जास्त पैसे मिळतील. सगळ्यांना सोयीचा तोडगा.

यात खलनायक कोण आहे, सांगा. स्टेशनमास्तरने शिवी दिली नाही. उलट मार्ग काढला. गाडीवान पैसे घेऊन पोचवायला तयार झाला. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळालं नाही, तेही मारझोड होऊन नव्हे. नऊ वर्षांच्या मुलाला त्या एका प्रवासात कळलं की जात हा चांगल्या माणसांनी मिळून पाळायचा नियम आहे. हे चित्रित करायला अवघड आहे, कारण ढोल कुठे वाजवायचा हेच कळत नाही. ज्यांनी विद्यापीठात किंवा ऑफिसात काही वर्षं काढली आहेत त्यांना मात्र हा स्टेशनमास्तर चांगलाच ओळखीचा आहे. तो तुमचा फॉर्म भरायलाही मदत करतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. या प्रसंगात एवढे बारकावे आहेत, कारण ज्याच्यावर तो गुदरला त्याने स्वतः लिहून ठेवला. बहुतेक ‘सत्यकथांचं’ तसं नसतं. त्या कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नोंदीवर उभ्या असतात.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण टीव्हीच्याच पैशातून बनलं: ‘बँडिट क्वीन’. शेखर कपूरचा हा चित्रपट १९९४ चा, पैसा ब्रिटनच्या चॅनल फोर या टीव्ही वाहिनीचा. आधार माला सेन यांच्या १९९१ च्या पुस्तकाचा, आणि त्या पुस्तकाला आधार फूलनदेवीने तुरुंगात इतरांकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा. फूलन मल्लाह समाजातली, निरक्षर. १९८३ मध्ये शरण आली, ११ वर्षं खटला न चालता तुरुंगात राहिली, १९९४ मध्ये सुटली. बाहेर येते तो तिच्यावरचा चित्रपट तयार. पडद्यावर लिहिलेलं: ही सत्यकथा आहे. आणि जिची कथा, तिला तो दाखवलेलाही नव्हता. तिच्यावरचे बलात्कार, तिची गावात काढलेली नग्न धिंड, हे सगळं ती जिवंत असताना, तिला न विचारता पडद्यावर आलं होतं. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अरुंधती रॉय यांनी ‘द ग्रेट इंडियन रेप ट्रिक’ हा लेख तेव्हाच लिहिला. शेवटी भरपाई घेऊन फूलनने वाद मिटवला.

पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला वेगळाच होता. तो एका गुज्जर गृहस्थाने घातलेला होता. बाबू गुज्जर या पात्रामुळे आपल्या समाजाची बदनामी होते ही त्यातली एक तक्रार. मे १९९६ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या बाजूने निकाल दिला, आणि कायद्याच्या वर्गात ‘बँडिट क्वीन’ म्हणून आज हाच निकाल शिकवतात. त्याच सुमारास फूलन मिर्झापूरमधून खासदार झाली. जिच्या शरीरावरून हे सगळं सुरू झालं तिचं म्हणणं कायद्याच्या पुस्तकात नाही. एका जातीच्या अब्रूचं म्हणणं आहे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात एक नियम घालून दिला, जो आजही प्रत्येक निर्मात्याचा वकील तोंडपाठ म्हणतो. कुणाच्या खासगी आयुष्याबद्दल त्याच्या संमतीशिवाय लिहिता येत नाही. मात्र जे सार्वजनिक नोंदीत आलं आहे, न्यायालयाच्या नोंदीसह, त्यावर लिहायला संमती लागत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव न्यायालयाने यातून वगळलं, ते चांगलंच केलं. आणि माणूस मेला की त्याचा खासगीपणाचा हक्कही संपतो, असा अर्थ न्यायालयं लावत आली आहेत. सुशांत सिंग राजपूतच्या वडिलांची याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली तेव्हाही तेच सांगितलं.

कागदावर हा नियम सगळ्यांना सारखा आहे. पण आपल्या माणसांची सार्वजनिक नोंद म्हणजे काय असते ते बघा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, निकालपत्र. आपल्या आजोबाचं नाव सरकारदरबारी कुठे सापडतं? शाळेच्या दाखल्यात सापडलं तर नशीब. उद्योगपतीच्या किंवा क्रिकेटपटूच्या आयुष्यावर चित्रपट काढायचा तर त्याची संमती, त्याचे फोटो, त्याच्या आठवणी लागतात, म्हणून त्याला विचारावंच लागतं. आपलं आयुष्य मात्र बहुतेक वेळा पोलिसांच्या आणि वकिलांच्या अक्षरात, म्हणजे आधीच फुकट उपलब्ध असतं. आणि ज्याने नोंद ठेवली तोच कथेचा नायक होतो, ही त्या नोंदीची सवय आहे.

‘जय भीम’ घ्या. आपल्यापैकी अनेकांना तो जवळचा आहे, मलाही आहे. २ नोव्हेंबर २०२१ ला थेट प्राइम व्हिडिओवर आला. मूळ घटना १९९३ ची, कडलूर जिल्ह्यातली. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी राजाकण्णूला उचललं, कोठडीत मारलं, आणि तो पळून गेला असं सांगितलं. त्याची बायको पार्वती लढत राहिली. गावातले मार्क्सवादी पक्षाचे कार्यकर्ते तिच्या पाठीशी होते. चंद्रू वकिलांनी मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस घातलं. पोलिसांना शिक्षा व्हायला २००६ उजाडलं.

चित्रपटात चंद्रूचं नाव चंद्रूच राहिलं. राजाकण्णूचं राजाकण्णू. पार्वतीची मात्र सेंगेनी झाली. राजाकण्णू कुरवर समाजाचा होता, चित्रपटात तो इरुळर झाला. इरुळरांची अवस्था दाखवणं गरजेचंच होतं, आणि निर्मात्यांनी इरुळर मुलांच्या शिक्षणासाठी १ कोटी रुपये दिले, तेही नोंदवायला हवं. पण ‘सत्य घटने’त सहज बदलता येण्यासारखी गोष्ट कुठली, तर मेलेल्या माणसाची जात आणि लढणाऱ्या बाईचं नाव. याउलट पोलिसाच्या घरातल्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावरच्या चिन्हावरून वन्नियार संघटनांनी हरकत घेतली, ५ कोटींच्या भरपाईची नोटीस पाठवली, आणि कॅलेंडर काही दिवसांत बदललं गेलं. इथेही बाबू गुज्जरची आठवण येते.

चित्रपट गाजल्यावर पत्रकार पार्वतीचा शोध घेत गेले. ती गरिबीत राहत होती. मग सूर्याने तिच्या नावे १० लाख रुपये ठेव म्हणून ठेवायचं जाहीर केलं. चांगली गोष्ट. पण क्रम बघा: आधी चित्रपट, मग प्रसिद्धी, मग शोध, मग मदत. मदत म्हणून मिळालेले पैसे आणि हक्काचे म्हणून करारात लिहिलेले पैसे यात फरक असतो, तो आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

चंद्रू मोठा माणूस आहे, त्यात शंका नाही. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. खटल्याची कागदपत्रं वकिलाच्या कपाटात होती, म्हणून कथा तिथून दिसली. पार्वतीने तेरा वर्षं कशी काढली, मुलं कशी वाढवली, तारखेला जायचं तर त्या दिवसाची मजुरी कोण भरून द्यायचं, हे निकालपत्रात येत नाही.

म्हणून आज इथे बसलेल्यांशी याचा थेट संबंध आहे. ‘आयुष्याचे हक्क’, लाइफ राइट्स, नावाचा करार आता गावापर्यंत पोचला आहे. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’चं उदाहरण घ्या. नागपूरच्या झोपडपट्टीतून वर आलेल्या एका फुटबॉलपटूच्या आयुष्याचे हक्क आपण २०१७ मध्येच विकत घेतले होते, असा दावा हैदराबादच्या एका निर्मात्याने केला. तेलंगणातल्या न्यायालयाने २०२० मध्ये प्रदर्शन रोखलं, ओटीटीवरसुद्धा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि चित्रपट यायला मार्च २०२२ उजाडला. कोण बरोबर, कोण चूक, त्यात मला जायचं नाही. एका वस्तीतल्या पोराचं आयुष्य ही दोन कंपन्यांमधल्या भांडणाची मालमत्ता झाली, एवढं बघा.

असा करार उद्या तुमच्या काकूपुढे किंवा वस्तीतल्या एखाद्या कार्यकर्त्यापुढे आला, तर तो कुणाला दाखवला जाईल? घरात इंग्रजी वाचता येणारे तुम्हीच आहात. म्हणून सांगते, त्यात काय शोधायचं. ‘एक्स्क्लुझिव्ह’ शब्द असेल तर तो माणूस पुढे स्वतःची गोष्ट दुसऱ्या कुणालाही देऊ शकणार नाही. स्वतःचं आत्मचरित्र लिहायला परवानगी लागेल का, हे वेगळं लिहून घ्या. ‘पर्पेच्युअल’ म्हणजे कायमचं. त्याऐवजी वर्षांची मुदत घाला, म्हणजे चित्रपट नाही बनला तर गोष्ट परत मिळेल. ‘क्रिएटिव्ह लिबर्टी’च्या कलमाखाली जात, नाव, गाव, मृत्यूचं कारण बदलता येणार नाही असं लिहून घेता येतं. दावा न करण्याचं कलम बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या पानावर असतं. पैसे सहीच्या वेळी किती, शूटिंगच्या वेळी किती, दुसऱ्या भाषेत डब झाल्यावर किती, हे तीन आकडे वेगवेगळे असले पाहिजेत. आणि प्रदर्शनाआधी चित्रपट दाखवला जाईल, ही एक ओळ. फूलनला हीच ओळ मिळाली नव्हती. सही करण्याआधी हे कागद आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, निर्मात्याने सुचवलेल्या नव्हे.

आम्ही संशोधक मुलाखत घेतो तेव्हा संमतीपत्रावर एक वाक्य असतं की मुलाखत देणारी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते. चित्रपटाच्या करारात ते नसतं. अर्थात आमच्या संमतीपत्रातही मानधनाचा रकाना नसतो, तेव्हा फार मोठेपणा मिरवायला नको.

दुसरं काम म्हणजे आपल्या नोंदी आपण ठेवणं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघरी जाऊन भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं, ते १९८९ मध्ये आलं. त्या बायकांची नावं कुठल्याही निकालपत्रात नव्हती. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे.

आणि जाता जाता पुन्हा ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’कडे येते, कारण त्यातला शेवटचा भाग बाबासाहेबांच्या आयुष्यातला नाहीच. सफाई कामगार समाजातल्या एका तरुणाने १९३८ मध्ये मुंबईतल्या सभेत सांगितलेली हकीकत त्यांनी तिथे दिली आहे. तो व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला, थोडं इंग्रजी शिकलेला. १९३६ मध्ये त्याला खेडा जिल्ह्यात, बोरसद तालुक्यात तलाठ्याची नोकरी मिळाली, म्हणजे त्या काळात केवढी मोठी गोष्ट. कचेरीत त्याला इतरांपासून लांब बसवलं. पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही. कारकून कागद हातात न देता टाकायचे. मग गावाने धमकावलं, आणि जिवाच्या भीतीने तो नोकरी सोडून निघून आला. बाबासाहेबांनी त्यात वकील आणला नाही, स्वतःला मध्ये आणलं नाही. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत ठेवलं, तारखेसकट.

यावर मालिका निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी सरकारी कचेरीत रुजू झाला असाल, तर त्या पहिल्या आठवड्याबद्दल आता प्रश्नोत्तरांत बोललात तर बरं होईल. मी इथे थांबते. जय भीम.